दिवस त्याचे, काम आपलं

आमची आत्या नर्स होती. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका मिशन हॉस्पिटलात तिची उमेदीची सारी वर्षं गेली. आधी बाळंतिणींच्या वॉर्डात, मग ऑपरेशन थिएटरात, शेवटी मेट्रन म्हणून. लग्न तिनं केलं नाही. निवृत्त झाल्यावर ती भावाकडे, म्हणजे आमच्या घरी राहायला आली. पहाटे उठून बायबल वाचायची, प्रार्थना करायची आणि उजाडता उजाडता वस्तीतल्या कुणाच्या तरी घरी ड्रेसिंग बदलायला बाहेर पडायची. सगळे तिला ‘सिस्टर’ म्हणत. मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्याही म्हणत आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या विठ्ठल मंदिराचे पुजारीही म्हणत. २०२१ च्या मे महिन्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, ती गेली.

त्या दिवसांत कुणी कुणाच्या घरी जाऊ शकत नव्हतं, म्हणून सांत्वन फोनवरच व्हायचं. देवाची इच्छा होती. प्रभूला ती आपल्याजवळ हवी होती. तिची सेवा पूर्ण झाली. आम्ही ख्रिस्ती माणसं अशा वेळी हेच बोलतो आणि मनापासून बोलतो. जन्म-मरण देवाच्या हाती आहे, हे मी रविवारच्या शाळेत शिकले. तेव्हाही ते मला खरं वाटायचं, आजही वाटतं. तरी ती वाक्यं कानांना सोसेनात. कारण हेच आत्या बोलायची तेव्हा त्याला वेगळं वजन असायचं. ती ते क्वचित बोलायची आणि बोलायची तेव्हा तिच्या हातात काहीतरी काम असायचं. कुणाची जखम, कुणाचं अंथरूण, कुणाचं रडणारं मूल. “दिवस त्याच्या हातात, काम आपल्या,” एवढंच तिचं म्हणणं. हे तिला मिळालं कुठून, याचा विचार ती गेल्यावर मनातून जाईना. त्याचं मूळ केडगावात होतं.

आत्याची आजी, म्हणजे माझी पणजी, गुजरातच्या दुष्काळातून केडगावला आलेली पोर. तो १८९९-१९०० चा दुष्काळ विक्रम संवत १९५६ मध्ये पडला, म्हणून तिकडे त्याला छप्पनियो म्हणतात. आधीच्या, १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई स्वतः मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली आणि विधवा घेऊन आल्या होत्या. गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी तिकडेही माणसं धाडली. त्या खेपेनंतर केडगावच्या त्यांच्या आश्रमात, मुक्ती सदनात, दोन हजारांच्या आसपास मुली-बायका झाल्या. त्यांत माझी पणजी होती आणि तिची धाकटी बहीण होती. पणजीला आपलं गाव सांगता येत नसे. नदी होती, आंब्याखाली घर होतं, एवढंच आठवायचं. धाकटी केडगावला पोचली, तिला खायला मिळालं, अंगावर नवं लुगडं आलं, आणि थोड्याच दिवसांत ती गेली. वाचवून आणलेल्या कितीतरी जणींचं असंच झालं. उपासानं आतून पोखरलेलं शरीर अन्न मिळूनही सावरत नसे.

पणजी पुढे मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवायला शिकली. रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या, आणि ते जुळवण्याचं, छापण्याचं काम तिथल्याच मुली करत होत्या. जिला स्वतःच्या गावाचं नाव ठाऊक नव्हतं, तिनं यरुशलेम आणि बेथलेहेम ही नावं अक्षर अक्षर जुळवली. म्हातारपणी तिनं आत्याला एकदा सांगितलं होतं, “बहीण गेली आणि मी राहिले, ते का, हे मी पुष्कळ दिवस देवाला विचारत होते. मग विचारायचं सोडलं. राहिलेय तर काम करते, म्हटलं.” आत्यानं हे मला सांगितलं तेव्हा ती शिलाईच्या मशीनवर वस्तीतल्या कुणासाठी तरी झबलं शिवत होती. मान वर न करता तिनं सांगितलं आणि पाय मशीनवर चालू ठेवले.

पणजीला हे बळ जिच्याकडून आलं, त्या रमाबाईंच्या आयुष्यात मरणानं किती वेळा पाऊल टाकलं हे पाहिलं की छाती दडपते. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचं कुटुंब मद्रास इलाख्यात तीर्थं हिंडत होतं. वडील अनंतशास्त्री डोंगरे थोर विद्वान, पुराणं सांगून पोट भरणारे. जवळ होतं नव्हतं ते दानधर्मात आणि अनुष्ठानांत संपलं. अकरा दिवस त्यांनी रानातली पानं आणि पाणी यांवर काढले. वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं होतं. थोरल्या मुलानं मजुरी करून सर्वांना पोसण्याचा शब्द दिला तेव्हा ते थांबले. पण त्यांचं शरीर संपलेलं होतं. मरताना त्यांनी धाकट्या लेकीला जवळ घेतलं आणि तुला मी देवाच्या हाती सोपवलं आहे, जन्मभर त्याचीच सेवा कर, अशा अर्थाचं काही सांगितलं. रमाबाईंनी ते पुढे स्वतः लिहून ठेवलं आहे. काही महिन्यांतच आई गेली. तिला खांदा द्यायला चार माणसं मिळेनात. शेवटी दोघा ब्राह्मणांना दया आली. उरलेल्या दोघांत एक भाऊ आणि एक रमाबाई. उंची कमी, खांद्याला खांदा लागेना, म्हणून त्या मुलीनं आईची तिरडी डोक्यावर घेतली आणि दूरच्या स्मशानापर्यंत नेली.

मग थोरली बहीण गेली. १८८० मध्ये ढाक्याला भाऊ श्रीनिवासशास्त्री वारले. आपल्यामागे या एकट्या बहिणीचं काय होणार, एवढाच त्यांना घोर होता. आपल्या दोघांनाही देवावाचून कोण आहे, असं रमाबाई म्हणाल्या, आणि त्या बोलण्यानं त्यांचं भय गेलं. रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी लग्न केलं, मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीही पटकीनं गेले. तेव्हा रमाबाई अजून चोवीसच्याही झाल्या नव्हत्या, पदरात वर्षाचीही न झालेली लेक होती. ख्रिस्ताची ओळख व्हायची होती; बाप्तिस्मा त्यांनी घेतला तो १८८३ च्या सप्टेंबरात, इंग्लंडमध्ये.

ज्या बाईनं इतकी माणसं गमावली, तिनं देवावर रुसून बसायचं ठरवलं असतं तर कुणी दोष दिला नसता. आणि देवाची इच्छा म्हणून हात जोडून बसायचं ठरवलं असतं तरीही कुणी दोष दिला नसता. त्यांनी दोन्ही केलं नाही. दुष्काळाच्या बातम्या आल्या तेव्हा त्यांना आपले आईबाप आठवले आणि त्या उठून दुष्काळी मुलखात गेल्या. केडगावच्या माळावर विहिरी खणल्या, फळबागा लावल्या, गाईगुरं ठेवली, माग घातले, छापखाना उभारला. रात्रंदिवस प्रार्थना केली हेही खरं. त्या बाईंच्या ठायी प्रार्थना आणि फावडं यांत भांडण नव्हतं. पाणी देवाच्या हाती म्हणत त्यांनी विहीर खणायची सोडली नाही, आणि विहिरीला पाणी लागलं तेव्हा ते माझ्या खणण्यानं लागलं असंही म्हटलं नाही.

१९२१ च्या जुलै महिन्याच्या २४ तारखेला मनोरमाबाई मिरजेला वारल्या. वय अवघं चाळीस. आईच्या पाठीशी राहून तिनं मुक्तीची शाळा चालवली होती, गुलबर्ग्याला शांतिसदन उभं केलं होतं. आपल्यामागे हे सारं हिच्या हाती, असं ज्या लेकीकडे बघून आईनं मानावं, तीच आधी गेली. रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या, कानांनी कमी ऐकू येत होतं, तब्येत उतरलेली होती. त्या पुन्हा बायबलच्या प्रुफांकडे वळल्या. त्यानंतर त्या नऊ महिनेही जगल्या नाहीत. एवढं काम पुरं होईपर्यंत मला ठेव, अशी प्रार्थना त्यांनी केली आणि शेवटची प्रुफं हातावेगळी झाल्यावरच त्यांना बोलावणं आलं, असं मुक्तीच्या परंपरेत आजही सांगतात. १९२२ च्या एप्रिलची ५ तारीख. चौसष्टावा वाढदिवस अठरा दिवसांवर होता. पुरं बायबल १९२४ मध्ये छापून निघालं. आमच्या घरी त्याची एक प्रत होती. तिच्या कडांना पणजीच्या बोटांचे डाग आहेत असं आत्या म्हणायची.

ही शेवटची गोष्ट आम्हा ख्रिस्ती लोकांना फार आवडते. काम संपलं आणि मग देवानं नेलं, यात एक नेटकेपणा आहे. ती मी लहानपणापासून उपदेशांत ऐकत आले. पण आत्या गेल्यावर मला या गोष्टीनं आधार दिला नाही, कारण आत्याचं काम संपलेलं नव्हतं. तिच्या वहीत डायबेटिसच्या चार म्हाताऱ्यांची नावं, साखर मोजायच्या तारखा आणि एका गरोदर मुलीचा पत्ता होता. मनोरमाबाईंचं काम कुठे संपलं होतं? आणि दोनशे वर्षांपूर्वीच्या गॉर्डन हॉल यांचं? १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले ते पहिल्या अमेरिकन मिशनऱ्यांपैकी एक. मराठी शिकले, शाळा काढल्या, नव्या कराराच्या भाषांतरात राबले. १८२६ च्या मार्चमध्ये ते नाशिककडे गेले तेव्हा तिथं पटकीनं कहर मांडला होता. जवळची औषधं त्यांनी आजाऱ्यांना वाटली. परतीच्या वाटेवर एका गावात देवळाच्या ओसरीत रात्र काढली, पहाटे निघताना पटकीनं त्यांनाच गाठलं, आणि काही तासांत सारं आटोपलं. वय एक्केचाळीस. बरोबर मिशनच्या शाळेतली दोन पोरं होती. त्यांनी खड्डा खणून, घोंगडीत गुंडाळून त्यांना पुरलं. बायको-मुलं समुद्रापार होती. मराठी नवा करार त्याच वर्षी छापून झाला.

तेव्हा काम पुरं झाल्यावरच देव नेतो, असा काही नियम मला दिसत नाही. कुणाला प्रुफं तपासण्याइतकी सवड मिळते, कुणाला देवळाच्या ओसरीतली एक पहाट. देवावर भरवसा ठेवायचा तो या हिशोबावर ठेवता येत नाही. हिशोब आपल्याला दाखवलेला नाही. आत्याच्या सगळ्या बोलण्याचं सार मला इथं कळलं. तिनं कधी कुणाच्या मरणाचं कारण सांगितलं नाही. बाळ दगावलेल्या आईजवळ ती रात्र रात्र बसायची, पण देवानं तुझं बाळ अमुकसाठी नेलं, असं तिच्या तोंडून निघालं नाही. आईच्या छातीत दूध दाटलेलं असायचं. आत्या ते काढून द्यायची, पोटाला पट्टा बांधायची, गरम कण्हेरी पाजायची. सकाळी निघताना डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची. तिचा देव कारणं सांगणारा नव्हता, सोडून न जाणारा होता.

आता तिच्या शेवटच्या दिवसांबद्दल लिहायला हवं. मार्चमध्ये साठीच्या पुढच्यांना लस सुरू झाली तेव्हा ती पहिल्याच आठवड्यात जाऊन घेऊन आली. मंडळीतल्या एका बाईंनी तिला विचारलं, “सिस्टर, देवावर भरवसा असताना लस कशाला?” आत्या म्हणाली, “भरवसा आहे म्हणूनच की. त्यानं दिलेलं औषध नको म्हणणारी मी कोण?” मग तिनं त्या बाईंनाही नेऊन लस टोचवली. एप्रिलमध्ये जवळच्या एका शाळेत विलगीकरण केंद्र निघालं. रात्रीला जाणतं माणूस नव्हतं. आत्यानं आपण येतो म्हणून सांगितलं. वडील चिडले. “सत्तरीला आलीस तू. तुझं झालं ते पुष्कळ झालं. आता गप घरी बस.” ती थर्मास भरत होती. म्हणाली, “दादा, घरी बसले तर मरणार नाही असं देवानं तुला सांगितलंय का?” आणि मग मऊ आवाजात, “मी काळजी घेईन रे. पण तिथं लोक घाबरलेत. घाबरलेल्या माणसाचा अर्धा श्वास भीतीनंच जातो. कुणीतरी उशाशी बसायला पाहिजे.”

काळजी तिनं घेतली. दोन मास्क, चेहऱ्यावर ढाल, घरी आल्यावर मागच्या दारी अंघोळ, जेवण वेगळ्या ताटात. ज्यांना वाटतं की देवाच्या हाती प्राण सोपवणं म्हणजे बेफिकिरी, त्यांनी आत्याला हात धुताना बघायला हवं होतं. दुसऱ्या डोसची वेळ यायच्या आत ताप आला. चौथ्या-पाचव्या दिवशी ऑक्सिजन उतरला. बेड मिळेना. एका दारातून दुसऱ्या दारात, रिक्षात बसून, अख्खी रात्र गेली. सकाळी बेड मिळाला तेव्हा उशीर झालेला होता.

ती रात्र देवाच्या इच्छेच्या खाती टाकायला मी तयार नाही. इथं मला रमाबाईंचंच एक पत्र आठवतं. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगनं थैमान घातलं होतं. रमाबाईंच्या आश्रमातल्या मुलीला सरकारी प्लेग इस्पितळात नेलं गेलं. तिथली अनास्था आणि बायकांची असुरक्षितता यांबद्दल रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रात उघड लिहिलं. विलायतेत पार्लमेंटपर्यंत प्रश्न गेला. सरकारनं त्यांचं म्हणणं फेटाळलं, पण त्या मागे हटल्या नाहीत. मरण देवाच्या हाती आहे असं मानणारी ही बाई, माणसाच्या हलगर्जीनं आलेल्या मरणाला हलगर्जीचंच मरण म्हणत होती. देवाच्या नावामागे माणसाचा गुन्हा लपू द्यायचा नाही, हीसुद्धा श्रद्धाच. किंबहुना श्रद्धेशिवाय ते बळ येत नाही. ज्याला वाटतं की आपल्या पाठीशी कुणी नाही, तो सरकारशी भांडायला घाबरतो.

देव सर्वसत्ताधीश आहे आणि माणूस जबाबदार आहे, ही दोन्ही सत्यं एकत्र कशी बसतात, यावर मोठमोठ्या पंडितांनी ग्रंथ लिहिले. मला ते सोडवता येत नाही. पण गेथशेमानेच्या बागेत ख्रिस्तानं पेला टळावा म्हणून आधी विनवणी केली आणि मग पित्याची इच्छा मान्य केली, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. त्यानं रडणं गाळलं नाही. लाजराच्या कबरीपाशीही तो रडला, आणि पुढच्या क्षणाला त्याला उठवणार हे ठाऊक असून रडला. मग आपण आपल्या माणसाच्या कबरीपाशी कोरडे डोळे ठेवून ‘देवाची इच्छा’ म्हणावं, असं कुणी कुणाला का सांगावं? शोक हा अविश्वास नव्हे. आत्या गेल्यावर वडील पुष्कळ दिवस प्रार्थनेला बसले तरी एक शब्द बोलत नसत. नुसते बसत. तीही प्रार्थनाच होती.

दफनाला आम्हा चौघांनाच परवानगी मिळाली. पाळकसाहेब प्लास्टिकच्या पांढऱ्या पोशाखात, नुसते डोळे दिसत होते. जिच्या हातून हजारो पोरं या जगात आली, तिच्यासाठी उपासनासंगीतातलं एक गीत गायलाही मंडळी नव्हती. चौघांनी शवपेटी उचलली तेव्हा मला रमाबाईंच्या आईची तिरडी आठवली, खांद्याला खांदा लागेना म्हणून डोक्यावर घेतलेली. त्या मुलीनं ती तिरडी वाहिली तेव्हा तिला देव भेटलेला नव्हता, की पुढे आपल्या हातून दोन हजार जणींना छप्पर मिळणार आहे हे ठाऊक नव्हतं. तिच्यापुढे फक्त स्मशानाची वाट होती आणि ती तिनं चालून पुरी केली. देव तेव्हाही तिच्याबरोबर होता, हे तिनं पुढे ओळखलं आणि साक्षीत लिहिलं. आपल्यालाही बहुतेक वेळा मागे वळूनच ते दिसतं. वाहत असताना नुसतं ओझं जाणवतं.

महिन्याभरानं मी आत्याची वही उघडली. चार म्हाताऱ्यांपैकी एक दुसऱ्या लाटेतच गेल्या होत्या. उरलेल्या तिघींना फोन केले. त्या गरोदर मुलीचा पत्ता शोधत गेले. तिला मुलगी झाली होती. मी नर्स नाही, शाळेत शिकवते. साखर मोजायला मात्र कुणालाही शिकता येतं. मंडळीतल्या दोन तरुण पोरी बरोबर आल्या. त्यांतली एक पुढे नर्सिंगला गेली. आत्या का गेली याचं उत्तर यातून मिळालं नाही आणि मिळावं अशी अपेक्षाही नाही. हे त्या मरणाचं मोल म्हणून मी सांगत नाही. तिच्या मरणाचं मोल कशानं भरून येणारं नाही. पण ज्या देवाच्या हाती तिचे दिवस होते, त्याच्याच हाती माझे आहेत, आणि ते किती हे मला सांगितलेलं नाही. कशात घालवायचे एवढं मात्र माझ्यावर सोपवलं आहे.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या मंडळीत, तुमच्या गल्लीत, इतरांची सेवा करता करता कुणी गेलं असेल तर त्यांच्या घरी जा. देवाची इच्छा होती, हे लगेच म्हणू नका. ते घरातल्यांना ठाऊक असतं आणि म्हणायचं झालं तर त्यांना म्हणू द्या. त्यांच्याजवळ बसा. मग त्या माणसाचं काय काम राहिलं होतं ते विचारा, आणि त्यातलं जमेल तेवढं अंगावर घ्या.